दोन किलो सातशे ग्रॅम

"श्वास रोखून वजन कमी होत नाही, शालनताई," मी म्हटलं. "सोडा श्वास."

शालननं श्वास सोडला आणि डोळे उघडून पायाखाली पाहिलं. दवाखान्यातल्या काट्यावरचे आकडे जरा हलले आणि थांबले. त्र्याहत्तर किलो शंभर ग्रॅम.

"उतरून परत चढू का?"

"तिसऱ्यांदा चढलाय तुम्ही."

"मग बांगड्या काढून बघू."

"बांगड्या नको काढूस बाई," मागून आक्काताई म्हणाली. "दोरी राहील बाजूला, तुझ्या आत्याबाई भलतंच इचारत बसतील."

रांगेतल्या बायका हसल्या. शालनही हसली, पण काट्यावरून उतरताना तिनं माझ्या वहीकडे पाहिलं. मी तिच्या नावापुढे आकडा लिहिला आणि त्याशेजारी कंसात फरक लिहिला. तीन आठवड्यांत दोन किलो सातशे ग्रॅम वाढ.

ही वीस-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा नदीकाठच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होते. उसाचा रस तपासायचा, त्यात साखर किती ते काढायचं आणि दिवसाचा उतारा, म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली तो आकडा, गेटाजवळच्या फळ्यावर लावायचा. अठ्ठावीस वर्षांची होते, कॉलनीत एकटी राहायचे, फार बोलत नसे. माझं वजन सेहेचाळीस किलो तीनशे ग्रॅम होतं आणि कॉलेजपासून ते हललं नव्हतं.

कारखान्याच्या वर्धापनदिनाला त्या वर्षी पहिल्यांदाच बायकांची रस्सीखेच ठेवली होती. दोन गट होते. एका गटात आठजणींचं मिळून वजन चारशे ऐंशी किलोच्या आत हवं. दुसरा गट खुला, त्याला वजनाची अट नाही. आमच्या संघाची कप्तान आक्काताई चौगुले. ती टाइम ऑफिसात कारकून होती आणि तिचे वडील पैलवान होते. तिनं कँटीन, दवाखाना, स्टोअर आणि कामगार वसाहत इथून स्वतःला धरून आठ बायका जमवल्या आणि वजनाचा हिशोब ठेवायला मला घेतलं. "तुमच्या हातात आकडा चुकायचा न्हाई," असं म्हणाली. दोरीला धरण्याबद्दल तिनं मला विचारलं नाही. माझ्याकडे बघून कुणीच विचारलं नसतं.

सुरुवातीला आठजणींचं वजन भरलं चारशे चौऱ्याहत्तर. म्हणजे सहा किलो मोकळे. आक्काताईनं रोज संध्याकाळी पाच वाजता सगळ्यांना मैदानात आणून राबवायला सुरुवात केली. वाळूचं पोतं खांद्यावर घेऊन बैठका, पोतं उचलून बांधापर्यंत चालणं, मग बाभळीच्या बुंध्याला दोर बांधून ओढणं. शालन बिरनाळे कँटीनमध्ये भाकऱ्या करायची. ती सगळ्यात भारी आणि सगळ्यात जोरकस. म्हणून दोरीच्या शेवटी, काखेखालून खांद्यावर दोर घेऊन मागे रेलायचं काम तिचं. आक्काताई त्या जागेला मेख म्हणायची.

त्या शनिवारी मी वहीतली बेरीज दोनदा केली. चारशे त्र्याऐंशी किलो सहाशे ग्रॅम.

"काटा बिघडलाय," आक्काताई म्हणाली.

मी प्रयोगशाळेतून वीस-वीस किलोची तीन प्रमाणित वजनं आणली आणि काट्यावर ठेवली. काट्यानं साठ दाखवलं. मी म्हटलं, "काटा बरोबर आहे. सगळ्याजणी जास्त खाताय. व्यायामानं भूक लागते, हे मला समजतं, पण कुणी तरी तोंड आवरायला हवं. शालनताई, तुमची वाढ सगळ्यात जास्त आहे."

"मी न्हाई ओ जास्त खाल्लं काय."

"दिवसभर भट्टीपुढे असता. हातातून तोंडात जातं, माणसाच्या लक्षात येत नाही."

कुणीतरी फिसकन हसलं. शालन हसली नाही.

"म्हंजे खोटं बोलणारी मी, असंच की."

"मी तसं म्हटलं नाही. काटा काय म्हणतो तेवढंच सांगितलं."

आणि मग मी आणखी एक गोष्ट केली. मला ती तेव्हा अगदी साधी वाटली. उताऱ्याचा तक्ता करायची मला सवयच होती. आठजणींची नावं, आधीचं वजन, आताचं वजन आणि फरक असा एक स्वच्छ तक्ता करून मी तो कँटीनच्या दारावर चिकटवला. वाढ लाल शाईनं लिहिली. डोळ्यांसमोर आकडा असला की माणूस सुधारतो, असा माझा अनुभव होता. तो अनुभव साखरेच्या उकळत्या टाक्यांवर काम करणाऱ्या लोकांचा होता, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

सोमवारी शालन मैदानात आली नाही.

"यायची न्हाई ती," आक्काताई म्हणाली. "तिच्या आत्याबाईंनी बंद केलंय."

शालनला साखरेचा आजार लागला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की पाच किलो वजन उतरवा, नाहीतर गोळ्या वाढवाव्या लागतील. तेवढ्या एका गोष्टीवर तिच्या सासूनं, म्हणजे या आत्याबाई तानूबाईंनी, सुनेला मैदानात जायची परवानगी दिली होती, तीही आक्काताई तीनदा घरी जाऊन बसली तेव्हा. आता कँटीनच्या दारावरचा तक्ता तानूबाईंपर्यंत पोचला होता. उतरायला गेलेली सून पावणेतीन किलो चढून आली, मग कशाला पाठवायची?

आक्काताईनं मला खालून वर न्याहाळलं.

"सेहेचाळीस ना तुमचं?"

"सेहेचाळीस तीनशे."

"शालन गेली आणि तुमी आला, तर बेरीज किती?"

मी तोंडी केली. "चारशे छप्पन आठशे."

"मग धरा की दोर. मेखेला न्हाई, मधी धरा. मेखेला मी जाते."

मी वही बांधावर ठेवली आणि चपला काढल्या.

त्या दोराबद्दल थोडं सांगायला हवं. मी आयुष्यात कुठल्या खेळात नव्हते. शाळेत मला गुण लिहायला बसवायचे. त्या संध्याकाळी माझ्यापुढे तीनजणी आणि मागे चौघी होत्या, सगळ्यांचे श्वास एकदम वर-खाली होत होते आणि आक्काताई "बसाऽऽ" म्हणाली की सोळा टाचा एकदम मातीत जात होत्या. बाभूळ अर्थात हलली नाही. पण माझ्या हातातून सात बायकांचा जोर जात होता आणि माझा त्यांच्या हातातून. पहिल्याच दिवशी तळहाताला फोड आले. दुसऱ्या दिवशी मला प्रयोगशाळेतल्या स्टुलावरून उठता येईना. उठताना मी एकटीच हसत होते. माझ्या मदतनीस बाईंनी विचारलं, "बाई, पगारवाढ झाली का काय?"

"जमलं की तुमाला," स्टोअरमधली रेखा म्हणाली. "काडी वाटलासा, पन काडी चिवट हाय."

मी त्या रात्री ते वाक्य दोनदा आठवलं.

मग एका संध्याकाळी सराव सुरू व्हायच्या आधी मी दवाखान्यात जाऊन काट्यावर उभी राहिले. सहज. संघात असल्यावर आपलंही वजन लिहायला हवं म्हणून.

सत्तेचाळीस किलो पाचशे ग्रॅम.

मी उतरले. परत चढले. मग शालनसारखाच श्वास रोखून पाहिला.

मी काय खाते ते मला माहीत होतं. सकाळी दोन चपात्या आणि भाजी, दुपारी तेच, रात्री एक वाटी भात, आमटी, दही. वाटी ठरलेली, चमचा ठरलेला. त्या आठवड्यात एक घासही जास्त गेला नव्हता. तरी तीन दिवसांच्या ओढण्यानं एक किलो दोनशे ग्रॅम वाढले होते. आणि तीन दिवसांत एवढी चरबी चढत नाही, त्यासाठी लागणारं अन्न माणसाच्या पोटात मावणार नाही. हा हिशोब मी शनिवारीच करायला हवा होता. तो साधा गुणाकार होता.

रविवारी दुपारी मी शालनच्या घरी गेले.

घर मळ्यात होतं. तानूबाई गोठ्यापुढे बसून जनावरांसाठी उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा पाला, बांधत होत्या. बारीक, काटक बाई, विळा हातातच.

"या केमिस्टबाई," त्या म्हणाल्या. "सून वाढवून दिलासा. आता मला वाढवाय आलासा काय?"

"शालनताईंची माफी मागायला आले."

"ती हाय आत. ऐकतीया. तुमी बोला."

आत चुलीपाशी भांड्याचा आवाज थांबला.

मी म्हटलं, "त्या जास्त खात नव्हत्या. मी चुकीचं बोलले."

"जास्त?" तानूबाईंनी विळा खाली ठेवला. "अवो, महिना झाला एक भाकरी खातीया ती. आधी दोन खायची. परवा चुलीपुढं चक्कर आली. आनि तुमी भिंतीवर लिवलासा लाल अक्षरात."

मला हे माहीत नव्हतं.

"तो कागद मी काढला."

"काढलासा, पन गावानं वाचला. बरं, मला सांगा. खाल्लं न्हाई, तर वाढलं कशानं? हवेनं?"

"पाण्यानं."

"पाणी?"

मी येताना वाटेत सगळं मनाशी जुळवून आले होते. म्हटलं, "तोडीच्या आधी आठ दिवस उसाला पाणी दिलं तर काय होतं?"

"टनेज वाढतं. सगळी देत्यात." मग घाईनं म्हणाल्या, "आमी न्हाई देत."

"ऊस तोच, पण वजन जास्त. तसंच शालनताईंचं झालंय."

तानूबाईंनी थोडा विचार केला. "आनि पाणी दिल्यालं असलं की उतारा घसरतो, तुमीच फळ्यावर लिवतासा. म्हंजे माझ्या सुनेचा उतारा घसरला म्हणायचं."

उदाहरण माझंच होतं आणि त्यांनी ते माझ्याच हातात मोडून दिलं होतं.

आतून शालनचा आवाज आला, "चहा ठेवू का?"

"ठेव," तानूबाई म्हणाल्या. "बाई अडकल्यात."

मी मातीकडे पाहिलं. गोठ्याच्या पलीकडे त्यांचा कोवळा ऊस होता, नुकती बांधणी झालेला, सऱ्यांमध्ये माती ताजी ओढलेली.

"ही बांधणी कधी केलीत?"

"चार दिस झाले."

"बांधणी करताना मुळं तुटतात ना?"

"तुटत्यातच की. नांगर मधनं जातो."

"मग लगेच पाणी का देता?"

"तुटल्याली मुळं परत धराय नकोत? खत घालायचं, माती लावायची, पाणी सोडायचं. चार दिस ऊस सुकल्यागत दिसतो, मग असा उठतो..." त्या थांबल्या.

"पोतं उचललं की दंडाचं, मांडीचं मांस आतून बारीक बारीक तुटतं," मी म्हटलं. "म्हणून दुखतं. शरीर तिथं पाणी सोडतं, दुरुस्तीला. आणि दुसरं म्हणजे, काम पडलं की मांस साखर साठवायला लागतं, पुढच्या कामासाठी. जेवढी साखर साठते त्याच्या तिप्पट पाणी तिच्याबरोबर आत जाऊन बसतं. काट्याला पाणी कुठलं आणि चरबी कुठली हे कळत नाही. तो सगळंच मोजतो. हे चरबीचं वजन नाही."

"साखर? तिच्या रक्तात साखर लई हाय म्हणं डाक्टर."

"रक्तातली साखर मांसात जाऊन बसली तर चांगलंच आहे. पण ते मी सांगणार नाही. डॉक्टरांना रक्त तपासू द्या, ते सांगतील."

"आनि हे पाणी उतरनार कवा?"

"महिना-दीड महिन्यात काटा थांबेल. पुढे उतरेल की नाही, किती उतरेल, ते आत्ता सांगता येणार नाही. पण उपाशी राहून दोर ओढता येणार नाही, एवढं नक्की."

शालन चहा घेऊन बाहेर आली. माझ्यापुढे कप ठेवला आणि खांबाला टेकून उभी राहिली.

तानूबाईंनी बशीत चहा ओतला. "एवढं सगळं तुमाला ठावं होतं, तर शनवारी का न्हाई बोललासा?"

"पुस्तकात वाचलं होतं. लक्षात आलं नाही."

"मग आता कसं आलं?"

"माझंही वजन वाढलं. एक किलो दोनशे."

शालन तोंडाला पदर लावून हसायला लागली. तानूबाईंना आधी कळेना, मग त्यांनी माझ्याकडे, माझ्या मनगटांकडे पाहिलं आणि बशी खाली ठेवून हसल्या. "हिच्या अंगावर चढाय जागा तरी कुठं हाय," असं काहीतरी म्हणाल्या. मीही हसले.

"कवा बघितलासा वजन?" शालननं विचारलं.

"गुरुवारी."

"आज रविवार."

"हो."

"मग गुरवारीच का न्हाई आलासा?"

खोटं सांगता आलं असतं. हंगाम चालू होता, प्रयोगशाळेत काम होतं, कुणीही मानलं असतं.

"तुम्ही आलात की मला दोर सोडावा लागणार होता," मी म्हटलं. "गुरुवार, शुक्रवार, शनिवार, तीन दिवस धरून राहिले. सोडवत नव्हता."

गोठ्यात म्हशीनं दावं ओढलं. मग शालन पुढे आली आणि माझा उजवा हात उलटा करून तिनं तळहात पाहिला.

"फोड फोडू नका," ती म्हणाली. "हळद लावा." आणि मग, "पन बेरीज?"

बेरीज तीही करत होती. ती परत आली की आठजणी चारशे ऐंशीच्या वर. गट हुकला.

"ते आक्काताईला ठरवू दे," मी म्हटलं. "अर्ज मंगळवारी द्यायचाय."

तानूबाईंनी वाड्याची पेंढी आवळली. "जाऊ दे तिला. पन दोन भाकरी खाऊन जाईल. आनि तुमच्या वहीत तिचं नाव लाल शाईनं दिसलं, तर मी येईन कारखान्यात."

सोमवारी शालन मैदानात आली. सगळ्या बांधावर बसल्या आणि मी बेरीज सांगितली. आता चारशे चौऱ्याऐंशी भरत होती. पाणी, मांस, सगळं समजावलं. रेखा म्हणाली, "म्हंजे आमी जाड न्हाई, वल्या हाय." दुसऱ्या कुणाला उठवून मला घेतलं तर बेरीज बसत होती, पण शालन परत आली म्हणून दुसरीला घरी बसवायचं नाही, हे आक्काताईनं आधीच सांगितलं होतं. मग मी दोन रस्ते सांगितले. शालनच्या जागी मी राहिले तर चारशे ऐंशीचा गट मिळतो आणि तिथे आपण बहुतेक जिंकू. शालन आली तर खुला गट, आणि खुल्या गटात मळेवाडीच्या बायकांचा संघ.

"मळेवाडीची एकेक नव्वदीची हाय," कुणीतरी म्हणालं.

"मीठ सोडू, चार दिवस पाणी कमी पिऊ," दुसरी म्हणाली. "पैलवान करत्यात तसं. चार किलो जात्यात."

"शालनला साखर हाय, बाई," आक्काताई म्हणाली. "तिला तहानेली ठेवायची? माझा बाप असता तर त्यानं दोरानंच बडवलं असतं." ती माझ्याकडे वळली. "तुमी काय म्हणतासा? तुमची जागा हाय."

सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. मला वाटलं होतं, हे वाक्य फार जड जाईल. प्रत्यक्षात ते एका शब्दाचं निघालं.

"खुला," मी म्हटलं.

"हरलो तर हरलो," आक्काताई उठत म्हणाली. "उपाशी तर न्हाई हरणार."

डॉक्टरांनी शालनचं रक्त तपासलं तेव्हा साखर खाली आली होती. उन्हाळ्यापर्यंत तिची एक गोळी कमी झाली. वजन दीड महिन्यानं थांबलं, मग अगदी हळू उतरलं, पाच किलो काही उतरलं नाही. डॉक्टरांनी त्यावर पुन्हा काही म्हटलं नाही.

वर्धापनदिनाच्या दुपारी मैदानाभोवती पाच-सहाशे माणूस होतं. निकाल आधीच सांगते. आम्ही अंतिम फेरीत मळेवाडीशी हरलो. तीनपैकी पहिली ओढ त्यांनी घेतली, दुसरी आम्ही घेतली, तिसरी त्यांनी, हातभर फरकानं. दुसरं बक्षीस म्हणून आठ स्टीलचे डबे मिळाले.

पण तिसरी ओढ तीन मिनिटांवर चालली. मी दोरीच्या बाहेर, प्रेक्षकांत, तानूबाईंच्या शेजारी उभी होते. मळेवाडीच्या बायका खरोखर भारी होत्या. त्यांनी एकदा झटका दिला आणि आमच्या पहिल्या तिघी पुढे सरकल्या, चौथी गुडघ्यावर आली. दोर शालनपाशी येऊन थांबला. ती जवळजवळ आडवी झाली होती, आभाळाकडे तोंड करून, दोन्ही टाचा मातीत पुरलेल्या. तिथून पुढे दोर सरकेना. पुढच्या सातजणी एकेक करून सावरल्या, आक्काताईनं "बसाऽऽ" म्हणून हाक दिली, आणि दोर वीतभर आमच्याकडे आला.

आमच्यामागे एक बाई म्हणाली, "ती शेवटाची बघ. केवढी हाय गं."

तानूबाई मागे वळल्या नाहीत.

"आमची हाय," त्या म्हणाल्या. "मग तिथं काय काडी हुबी करायची?"

आणि लगेच त्यांना मी शेजारी असल्याचं आठवलं असावं, कारण त्यांनी माझा दंड धरला आणि तो सोडलाच नाही. दोर परत मळेवाडीकडे जायला लागला होता. शालनच्या टाचांपुढे मातीचा ढीग जमत होता. "बस गं," तानूबाई पुटपुटत होत्या, "बस, बस, बस." त्यांचे पाय फाकले होते, लुगड्याचा काठ धुळीत गेला होता. मी खाली पाहिलं तर माझ्याही चपला पायातून निघाल्या होत्या. आम्ही दोघी मागे रेललो होतो, टाचा रोवून, सगळा जोर लावून, हातात दोर नसताना.